टेपचं दुसरं टोक

ताईने टेपचं टोक उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं आणि पापणीही न हलवता बसून राहिली. चष्मेवाल्याने टेप ताणत लेन्सपर्यंत नेली, आकडा वाचला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला लावलेल्या पांढऱ्या चकतीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग तो म्हणाला, "आता पुढे." ती आरशाकडे वाकली, टोक तसंच डोळ्याशी. दुसरी रेघ. "आता मागे टेक." तिसरी रेघ.

"झालं?"

"झालं."

एरवी ती टोक मध्येच सोडून द्यायची. टेप सर्रकन आत यायची, त्याच्या बोटाला चटका बसायचा आणि ही हसायची. आज तिने टोक सोडलं नाही. टेप आत जाईल तसा हात पुढे आणत आणत तिने ते त्याच्या हातात दिलं आणि पुन्हा खुर्चीत नीट बसली. त्यापेक्षा चटका बसलेला परवडला असता, असं त्याला वाटलं.

ताई म्हणजे खरं तर त्याची बायको. पण ह्या सिनेमाच्या कामात धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, ते ऐकून कॅमेरावाला म्हणायला लागला, मग आवाज घेणारी मुलगी, आणि होता होता ती नवरा सोडून सगळ्यांची ताई झाली. आपणही ताईच म्हणू. नवऱ्याचं खाली रस्त्यावर चष्म्यांचं दुकान, म्हणून तो चष्मेवाला. सिनेमा धाकटीचा. तिने हा घाट घातला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, चार रविवारांचं खूळ आहे, उतरेल. आता तिसरं वर्ष चालू होतं. माणसं घरची, जागा घरची, कपडे अंगावरचे. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांची मापं घेतो म्हणून फोकसचं काम भाऊजींच्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं.

आज शूटिंग दुकानाच्या वरच्या मागच्या खोलीत होतं. म्हणजे त्यांच्या झोपायच्याच खोलीत. पलंग उभा करून भिंतीला लावला होता आणि दुकानातला जुना आरसा, ज्यात गिऱ्हाइकं नाकावर चष्मे चढवून बघायची, तो टेबलावर ठेवला होता. आवाजवाली मुलगी तशी अबोल, पण घरातल्या प्रत्येक आवाजाशी तिचं हाडवैर. पंखा बंद, नळ बंद, भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीत गुंडाळलेलं. फ्रीजचा प्लग काढायचा, आणि काढला की स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, हा तिचा नियम. निघताना किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो, मग प्लगची आठवण होते. पहिल्या रविवारी हा नियम नव्हता, तेव्हा घरातलं सगळं दूध नासलं होतं.

कॅमेरावाल्याला सगळे मामा म्हणत. तो कुणाचाच मामा नव्हता. त्याने कॅमेरा आणि ही मोठी लेन्स कुणाकुणाचे पाय धरून मिळवली होती. दिवे लागायच्या आत ती परत द्यायची होती, आणि उद्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या कामावर दुसऱ्या गावाला जाणार होती. त्यामुळे आज म्हणजे आज. आणि आजचा प्रसंग असा की तो दुसऱ्यांदा करता येणार नव्हता.

सिनेमातली बाई कारखान्यात पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रापाशी काम करते. शेजारच्या यंत्रावरच्या मैत्रिणीची वेणी पट्ट्यात सापडते. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई आरशासमोर बसते, शिवणाची कात्री घेते आणि स्वतःची वेणी कापते. मग आरशात बघते. संपला सिनेमा. बोलणं नाही, गाणं नाही, फक्त तो चेहरा. बाकी सगळं चित्रण झालं होतं, आणि ह्या चेहऱ्यावाचून त्या सगळ्याला काही अर्थ नव्हता.

धाकटीने हे पहिल्यांदा सांगितलं ते जेवताना. ताईने तोंड उघडायच्या आत चष्मेवाला म्हणाला होता की केसांना हात लावायचा नाही. असं बोलणारा तो माणूस नव्हता. त्याचं त्यालाच ते ऐकून कसंसं झालं, पण शब्द मागे घ्यायलाही तो तयार होईना. मग केसांचा एक टोप आणून बघितला. टोप घातलेली ताई कॅमेऱ्यात अशी दिसली की आवाजवालीलाही तोंडावर हात धरून बाहेर जावं लागलं. धाकटी तेवढी हसली नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

केसांचं एवढं काय, असं कुणी विचारलं असतं तर चष्मेवाल्याला धड सांगता आलं नसतं. फार मागे एकदा ताईचा हात मोडला होता, तेव्हा तो वेणी घालायला शिकला. सुरुवातीला जमेना, वेणी एका बाजूला पळायची. ती तशीच ऑफिसला जायची आणि कुणी विचारलं तर ऐटीत सांगायची, नवऱ्याने घातलीय. हात बरा झाला, पण रोज सकाळी वेणीचं टोक धरायला ती त्याला हाक मारतच राहिली. टोक धरायला दुसरं माणूस लागत नाही, रबर आपलं आपल्याला लावता येतं, हे दोघांनाही चांगलं माहीत होतं.

शेवटी ताईनेच सांगून टाकलं की ती केस कापणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. त्यानंतर चष्मेवाला बरेच दिवस कामापुरतं बोलला. एका सकाळी मात्र वेणीचं टोक धरून उभा असताना त्याने विचारलं, खुर्ची आरशापासून किती लांब असणार आहे? ताईने आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि हाताने अंतर दाखवलं. एवढाच त्यांचा समेट.

"भाऊजी, तयार?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज चिरकत होता. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

त्याने मान हलवली आणि चकतीवर हात ठेवला.

आता ह्या कामाची गोम सांगायला हवी. दिवे नव्हते, होता तो खिडकीतून येणारा उजेड. एवढ्याशा उजेडात त्या लेन्सने स्पष्ट दिसायचं ते जेमतेम चार बोटं. त्याच्या पुढचं-मागचं सगळं वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं. फोकस सरकवायचा तो चकती फिरवून. ताई वाकली की चकती त्याच क्षणी दुसऱ्या रेघेवर जायला हवी, मागे टेकली की तिसऱ्या. चष्मेवाल्यासमोर स्क्रीन नव्हती. स्क्रीन एकच, कॅमेऱ्यावरची, तळहाताएवढी. तिच्यात मामा बघणार, आणि मामाच्या खांद्यावरून धाकटी. चष्मेवाल्याने बघायचं ते ताईच्या कोपराकडे आणि टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या खुणांकडे. चेहऱ्याकडे बघायचं नाही, हे मामाने पहिल्याच रविवारी बजावलं होतं. चेहरा बघणारा माणूस गोष्ट बघायला लागतो आणि त्याचा हात थांबतो.

आवाजवालीने हात वर केला. खोली गप्प झाली. धाकटी इतरांसारखं इंग्रजीत ओरडायची नाही, नुसतं "चला" म्हणायची.

"चला," ती म्हणाली.

ताईने वेणी पुढे घेतली. कात्री मानेच्या जवळ नेली. केस दाट होते, कात्री एका दमात चालेना, करकर करत थोडी थोडी आत शिरत गेली. कोपर पहिल्या खुणेवर, चकती पहिल्या रेघेवर. चष्मेवाल्याने श्वास धरून ठेवला होता. त्या करकरीने त्याच्या दातांतून कळ येत होती, पण नजर खुणेवरून हलली नाही.

मग करकर थांबली. वेणी सुटली. इतक्या वर्षांचं ओझं एकदम उतरल्यामुळे ताईचं डोकं आपोआप थोडं पुढे गेलं, आणि तिच्या तोंडून अगदी हलका आवाज आला, पायरी चुकल्यावर येतो तसा.

त्याने वर बघितलं.

मानेवरची कातडी, कायम वेणीखाली राहिलेली, बाकी अंगापेक्षा उजळ होती. त्याने ती अशी उघडी कधी बघितली नव्हती. आणि आरशात तिचा चेहरा. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. बऱ्याच दिवसांनी कुणी ओळखीचं समोर यावं आणि आधी कोण बोलतं ते बघावं, तशी ती स्वतःकडे बघत होती. त्याला वाटलं, ही बाई कोण आहे ते आपल्याला माहीत नाही. आणि ती त्याला फार आवडली. इतकी की तो नुसता बघत राहिला.

"बास," धाकटी म्हणाली. 'कट'च्या जागी ती हेच म्हणायची.

मग एकच गलका झाला. आवाजवालीने कानावरची यंत्रं काढून डोळे पुसले. मामाने मांडीवर थाप मारली. धाकटी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती आणि बोटांमधून हसू बाहेर पडत होतं. ताई मानेवरून हात फिरवून बघत होती, आणि वारा लागतोय, वारा लागतोय, असं पुन्हा पुन्हा सांगत होती.

चष्मेवाल्याने आपल्या हाताकडे बघितलं. चकती पहिल्या रेघेवर होती.

ताई तर केव्हाच पुढे वाकली होती. मामाच्या स्क्रीनवर ते कळलं नव्हतं. तळहाताएवढ्या चित्रात सगळंच स्पष्ट दिसतं. कळलं असतं ते पुढे, महिन्याभराने, धाकटी मोठ्या पडद्यावर जोडणी करायला बसली असती तेव्हा. तोवर लेन्स लांब गेलेली असती. लेन्सच तशी होती म्हणता आलं असतं. मामा म्हणाला असता, उजेड कमी होता. कुणी कुणाला दोष दिला नसता. कदाचित.

आणि आता सांगितलं तर? तर पहिली गोष्ट प्रत्येकाच्या मनात येईल ती त्याला ऐकू येत होती. केसांना हात लावायचा नाही म्हणणारा हाच. फोकस घालवणाराही हाच. त्याने स्वतःलाच विचारून बघितलं, तू हे मुद्दाम तर नाही केलंस? आणि उत्तर द्यायला त्याला क्षणभर वेळ लागला, त्याची त्याला शरम वाटली.

खिडकीतला उन्हाचा पट्टा आरशाच्या कडेला आला होता. ताई पदराने मान झटकत खुर्चीतून उठत होती.

"उठू नकोस," तो म्हणाला.

आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"ती पुढे वाकली तिथून फोकस नाहीये. माझा हात फिरला नाही."

मामा कॅमेऱ्यापाशी गेला. चित्र मागे नेलं, मोठं करायचं बटण दाबलं. धाकटी वाकून बघायला लागली. वेणी कापली जाते तोवर सगळं लख्ख होतं, एकेक केस मोजता यावा असं. मग ताई पुढे वाकली आणि विरघळली. डोळे कुठे, ओठ कुठे, काही कळेना. स्पष्ट राहिली ती तिच्यामागची खुर्चीची रिकामी पाठ.

मामाने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावून काय होणार होतं?

धाकटी सरळ झाली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला हे नकोच होतं."

आवाजवाली आपल्या वायरी गुंडाळायला लागली, गरज नसताना.

चष्मेवाल्याला सांगता आलं असतं की मी तिच्याकडे बघत राहिलो. पण चार माणसांत ते किती खोटं वाटलं असतं! चोराने सापडल्यावर प्रेमाच्या गोष्टी कराव्यात तसं. तो म्हणाला, "नको होतं. आणि चुकलंयही माझंच."

त्याने ताईकडे बघितलं नाही. ती आपल्याकडे बघतेय हे त्याला मान न वळवता कळत होतं.

मामा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, खरं तर नजर त्यानेही ठेवायला हवी होती. धाकटीने ऐकलं की नाही कोण जाणे. ती उभ्या केलेल्या पलंगाला टेकून खाली बसली. वेणी खाली पडते तिथेच सिनेमा संपवू, असं काहीतरी म्हणाली, मग स्वतःच नाही म्हणून मान हलवली. चेहरा नसेल तर काय आहे, एका बाईने केस कापले एवढंच. त्याला तीन वर्षं लागतात का? आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचंसुद्धा विसरून.

ताई वेणी मांडीवर घेऊन बसली होती. तिने धाकटीला उगी केलं नाही. नवऱ्याला काही विचारलं नाही. मामाला विचारलं, उजेड किती वेळ आहे?

मामाने खिडकीकडे बघितलं. एक टेक होईल, म्हणाला. लगेच केला तर.

ताईने मानेशी राहिलेल्या केसांतून बोटं घातली. कात्रीने वेडेवाकडे कापलेले, कुठे खांद्यापर्यंत, कुठे कानापर्यंत.

"अजून आहेत की," ती म्हणाली. "हेही काढते. मुळापर्यंत."

धाकटी ताडकन उठली. नाही, नको, पुरे झालं. उद्या ऑफिस आहे, दिवसभर काउंटरच्या खिडकीपाशी बसायचं, शंभर लोक तोंडाकडे बघणार, विचारणार. एका सिनेमासाठी एवढं नाही करायचं. ताईने शांतपणे सांगितलं की खिडकीपाशी तिला बसायचंय, धाकटीला नाही. आणि ती कारखान्यातली बाई वेणी कापून थांबली असती का? केस यंत्रात जायला वेणीच लागते असं थोडंच आहे. ती सगळे कापेल. हे आधीच सुचायला हवं होतं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने नाक पुसलं आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा सिनेमा आला. मामा, खुर्ची तीच ठेवू. वेणी टेबलावर राहू दे, दिसू दे. ताई, तू मघाच्याच जागी वाक, तिथेच थांब, आणि तिथून पुढे. आवाजवालीने कानाला यंत्रं लावली. आणि धाकटी चकतीपाशी येऊन उभी राहिली.

"मी फिरवते," ती म्हणाली. चष्मेवाल्याकडे न बघता.

तो बाजूला झाला. ह्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. तिच्या जागी तो असता तरी त्याने हेच केलं असतं. पण धाकटीने हे काम कधी केलं नव्हतं, आणि टेक एकच होता.

ताईने खुर्चीतूनच हात पुढे केला, तळवा वर करून. धाकटीकडे नाही, तिच्या पलीकडे.

"टेप," ती म्हणाली.

टेप चष्मेवाल्याच्या खिशात होती. धाकटीने ताईकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि चकतीवरचा हात काढला.

त्याने टेप ओढून टोक ताईच्या हातात दिलं. तिने ते डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं. इतक्या जवळून बघताना तिच्या डोळ्यांत राग आहे का, हे त्याला ओळखता येईना. तिथे नुसती वाट बघणं होतं. त्याने जुन्या रेघा पुसून नव्या मारल्या. रेघा सरळ आल्या.

"चला."

ह्या वेळी त्याने वर बघायचं नाही असं ठरवलं नव्हतं. ठरवण्याच्या पलीकडे गेलं होतं ते. त्याने नजर टेबलाच्या कडेवरच्या खुणेत रोवली आणि बाकी खोली सोडून दिली. कोपर. खूण. रेघ. कोपर पुढे, चकती दुसऱ्या रेघेवर. कात्रीचा आवाज आता वेगळा होता. करकर नव्हती, बारीक, जवळजवळ, कच कच. टेबलावर केसांचे पुंजके पडत होते. एक त्याच्या खुणेवरच पडला, त्याने तो डोळ्यांनी बाजूला सारला आणि त्याखालची खूण अंदाजाने धरली. कोपर किंचित मागे. चकती किंचित मागे.

मग कात्री थांबली. काहीच आवाज येईना. पलीकडे मामाचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं. काय झालं असेल? ताईच्या घशातून एक आवाज निघाला. हसली की हुंदका होता, ते त्यावरून कळेना. असा आवाज तिने त्याच्यासमोर कधी काढला नव्हता. त्याची मान अक्षरशः दुखायला लागली, तिला वर जायचं होतं. तो खुणेकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा खूण हलायला लागली, म्हणून त्याने डोळे जोरात मिटले आणि उघडले. तेवढ्यात कोपर तिसऱ्या खुणेकडे निघालं होतं. त्याने चकती त्याच्याबरोबर नेली, घाई न करता, थेट तिसऱ्या रेघेपर्यंत.

"बास," धाकटी म्हणाली. पण लगेच नाही. बऱ्याच वेळाने.

ह्या वेळी गलका झाला नाही. मामाने चित्र मागे नेलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. नुसती मान डोलावली. धाकटी बघत बघत खाली बसली. तिथूनच हात लांब करून तिने ताईचं पाऊल धरून ठेवलं. आवाजवाली म्हणाली की पापण्या मोजता येतायत. मामाने चष्मेवाल्याला बघायला बोलावलं. तो हो म्हणाला आणि केरसुणी शोधायला गेला.

मग घाई उडाली. चित्रण लॅपटॉपवर उतरवून घेतलं, लेन्स पेटीत गेली, पेटी मामाच्या गळ्यात. धाकटी दारातून परत आली. चष्मेवाल्यासमोर उभी राहून म्हणाली, भाऊजी, मघाशी मी... त्याने सांगितलं, उशीर होतोय, पोहोचवून ये आधी. तिने त्याचा हात धरला, दाबला आणि जिना उतरून गेली.

खोलीत दोघंच राहिली. ताई खुर्चीतच बसून होती. त्याने केर काढायला घेतला. केस केरसुणीला चिकटत होते, पुन्हा पुन्हा झटकावे लागत होते. टेबलावरच्या वेणीचं कापलेलं टोक सुटायला लागलं होतं. त्याने खणातून एक रबर काढलं आणि टोकाला घट्ट गुंडाळलं.

"कसं झालं?" ताईने विचारलं.

"सगळे म्हणतायत चांगलं झालं."

"तुला विचारतेय."

"मी बघितलं नाही."

ताईने खुर्ची त्याच्याकडे वळवली. एवढ्याशा केसांत तिचे डोळे मोठे दिसत होते. त्याने केर सुपलीत भरला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"जरासुद्धा नाही?"

"कोपराकडे बघत होतो. चेहऱ्याकडे बघितलं की हात थांबतो."

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. ताईने टेबलावरच्या वेणीकडे बघितलं, रबराकडे बघितलं. मग लॅपटॉप ओढून घेतला.

"पहिला कुठे आहे?"

"तो वाया गेलाय."

"दाखव."

त्याने लावून दिला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. कात्री, वेणी, एकेक केस. वेणी सुटली. डोकं पुढे गेलं. ताई आरशाकडे वाकली आणि वाफ धरल्यासारखी पुसट होत गेली. तिने तिथे थांबवलं. जरा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, अगदी हळू, आणि तिचं लख्ख दिसणं जिथे थांबतं त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथून?" तिने विचारलं.

"हो."

"बास म्हणेपर्यंत?"

त्याने मान डोलावली. ती पडद्याकडे बघत होती, तरी तिला कळलं असावं. खालून स्कूटर हलवल्याचा आवाज आला आणि मग धाकटीची हाक, किल्ली फ्रीजमध्येच राहिली, उशीर होतोय, कुणीतरी टाका खाली. तो जायला निघाला तेव्हा ताईने मागे हात नेऊन त्याचं मनगट धरलं.

"थांबू दे तिला," ती म्हणाली, आणि चित्र पुन्हा मागे नेलं.